सायकल फ्रेमचा घरगुती जिग: कुठला भाग कशाचा करायचा

जिग म्हणजे जोड मारताना फ्रेमच्या नळ्या मापात धरून ठेवणारा साचा. माझा पहिला जिग परळच्या चाळीत, आमच्या गॅलरीत तयार झाला. १८ मिमीचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेला) पाट, त्यावर पेन्सिलीने मापात काढलेली अख्खी फ्रेम, आणि जागोजागी स्क्रूने बसवलेले लाकडी ठोकळे. एप्रिलमध्ये तो इतका सुरेख दिसत होता की शेजारचे काका विचारून गेले, "कॅरम बोर्ड करतोयस का रे?" मग पाऊस सुरू झाला. ऑगस्टमध्ये त्याच पाटावर नळ्या बांधून मित्राच्या गाळ्यात टाके (छोटे तात्पुरते जोड) मारून घेतले, फ्रेम पूर्ण केली, चाक चढवलं. मागचा रिम डाव्या चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) चिकटून, उजवीकडे बोट जाईल एवढी जागा. हँडलवरचे हात सोडले की सायकल आपली उजवीकडे. घरी येऊन पाटावर पट्टी ठेवली तेव्हा कळलं, त्याची एक कड पापडासारखी वर आली होती आणि हेड ट्यूबचा (हँडलखालच्या पुढच्या नळीचा) ठोकळा पाटासकट कलला होता.

म्हणून नवीन माणूस जेव्हा विचारतो, "जिगला अ‍ॅल्युमिनियम घेऊ की लोखंड?", तेव्हा मी आधी विचारतो, जिगच्या कुठल्या भागाला? जिगमध्ये कणा असतो, त्यावर उभे खांब असतात, नळीच्या तोंडात बसणारे शंकूसारखे कोन असतात, बॉटम ब्रॅकेटची (पेडलचा दांडा फिरतो त्या घराची) चकती, चाकाच्या दांड्याच्या जागी बसणारा मागचा खोटा अ‍ॅक्सल आणि नळी धरणारे व्ही-ठोकळे असतात. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून मटेरियलही वेगळं. आणि मटेरियल कुठलंही असो, ते सरळ आहे की नाही हे घरी तपासता आलं पाहिजे. पुढे ज्या क्रमाने मी आता जिग करतो त्याच क्रमाने सांगतो.

आधी किती अचूक हवं ते ठरवा

फ्रेम कागदावर काढल्याशिवाय दुकानात जाऊ नका. साध्या रोड किंवा टूरिंग सायकलचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) मीटरभराच्या आसपास असतो, चेनस्टे ४१० ते ४५० मिमी, हेड आणि सीटच्या नळ्यांचे कोन ७१ ते ७४ अंशांच्या पट्ट्यात. म्हणजे कणा निदान १.२ मीटर लांब हवा. बॉटम ब्रॅकेटच्या शेलची (बाहेरच्या नळीची) रुंदी रोडसाठी ६८ मिमी, माउंटन बाइकसाठी बहुतेकदा ७३. साध्या क्विक रिलीजचं (हाताच्या खटक्याने निघणाऱ्या चाकाचं) मागचं अंतर १३० किंवा १३५ मिमी, पुढचं १००. १ १/८ इंची स्टिअरर (फोर्कची हेड ट्यूबमध्ये जाणारी नळी) २८.६ मिमीचा. जुन्या पद्धतीच्या १ इंचीचा २५.४. ही मापं जिगच्या प्रत्येक भागात उतरणार आहेत, तेव्हा एका वहीत लिहून ठेवा.

आता चूक कुठे महागात पडते ते बघा. मागच्या दोन ड्रॉपआउटपैकी (चाकाचा दांडा बसतो त्या खाचांपैकी) एक दुसऱ्यापेक्षा १ मिमी वर बसला, तर १३० मिमी रुंदीवर तो १ मिमीचा कल. ७०० सी रिमची त्रिज्या ३११ मिमी, म्हणजे रिम वरच्या टोकाला जवळजवळ अडीच मिमी बाजूला जातो. ब्रेकशूला हे लगेच समजतं. उलट हेडचा कोन ७३ ऐवजी ७२.९ आला तर चालवणाऱ्याला आयुष्यभर कळणार नाही. ५०० मिमी लांबीत १ मिमी चुकलं तर कोनात जेमतेम ०.११ अंशाचा फरक पडतो. म्हणजे डोकं आणि पैसा खर्च करायचा तो डावं-उजवं सारखं ठेवण्यावर, कोनाच्या दशांशावर नाही. दुकानात पर्याय बघताना हे विसरलं की माणूस उगीच महाग डिजिटल कोनमापक घेतो आणि कण्याला मात्र वाकडी पट्टी लावतो.

जोड कसा करणार?

यावर अर्धी निवड ठरते. बांबूच्या नळ्या आणि इपॉक्सी असेल तर जिगला उष्णता लागतच नाही. चांगल्या प्लायचा जिग पुरतो. इपॉक्सी जिथे गळेल तिथे ब्राऊन टेप चिकटवा, म्हणजे फ्रेम पाटाला चिकटून बसणार नाही.

पोलादी नळ्या पितळेने जोडणार असाल तर ज्योतीखालचा भाग ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातो. चांदीच्या फिलरला (जोडात वितळवायच्या तारेला) ६०० ते ७०० पुरे. टिग वेल्डिंगमध्ये (विजेवरच्या वेल्डिंगचा एक प्रकार) उष्णता कमी जागेत असते, पण अर्थिंगचा विचार करावा लागतो. तिन्हीत एक गोष्ट सारखी: जिगमध्ये फक्त टाके मारायचे. प्रत्येक जोडावर तीन-चार टाके, मग फ्रेम बाहेर काढून तपासायची, आणि पूर्ण जोड बाहेरच करायचा. यामुळे जिगला सलग दहा मिनिटं भाजून घ्यावं लागत नाही आणि मटेरियलची निवड खूप सोपी होते.

एक गोष्ट मी सगळ्यांना बजावतो. गॅसची ज्योत चाळीत, फ्लॅटमध्ये किंवा बाल्कनीत नको. जिग घरी बनवा, टाके मारायला गाळ्यात जा.

कणा

इथे जरा वेळ घालवू, कारण बाकी सगळं याच्यावर टेकलेलं असतं.

माझी पहिली पसंती साध्या एमएस (माइल्ड स्टील) बॉक्स पाइपला, म्हणजे चौकोनी नळीला, ५० बाय ५०, ३ मिमी जाडीचा. का, ते आकड्यात सांगतो. १.२ मीटरचा तुकडा दोन टोकांना टेकवून मध्यभागी १० किलो वजन टांगलं, तर हा पाइप हिशेबाने ०.०९ मिमीच्या आसपास वाकतो. तसंच २५ बाय २५, २ मिमीच्या पाइपला केलं तर १ मिमीहून थोडं जास्त. मोठ्या पाइपचं वजन मीटरला सव्वाचार किलो, छोट्याचं दीडच्या आत. म्हणजे तिप्पट वजनात बारापट ताठपणा. नवीन माणूस बहुतेकदा छोटा घेतो, कारण तो हातात हलका वाटतो.

अँगल आणि चॅनेल यांच्याबद्दल मला आता मायाच उरलेली नाही. उघड्या आकाराला पीळ सहन होत नाही. तुम्ही हेडच्या खांबाला धक्का द्या, दुसऱ्या टोकाचा अ‍ॅक्सल हलतो. बंद चौकोनी नळी पीळ फार चांगला पेलते. रॅकचा भोकं पाडलेला स्लॉटेड अँगल तर विसराच. भोकांमुळे सोयीचा वाटतो, पण डोळा लावून बघितला की नागमोडी.

अ‍ॅल्युमिनियमचं टी-स्लॉट प्रोफाइल, ४० बाय ४० किंवा ४० बाय ८०, हा दुसरा चांगला पर्याय. यात खांब खाचेतून सरकवता येतात, त्यामुळे वेगवेगळ्या मापांच्या फ्रेम बांधायच्या असतील तर सोय मोठी. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश असतो, म्हणजे आकार तोच असेल तर ते तिप्पट वाकतं. म्हणून ४० बाय ८० उभं वापरा. दुसरं, प्रोफाइललाही पीळ असू शकतो, नवं आहे म्हणून सरळ असेलच असं नाही. बंद पडलेल्या पॅकिंग मशीनचे सांगाडे भंगारात येतात, त्यात ही प्रोफाइलं मिळतात आणि नव्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतं, यावर काही लोक फार चर्चा करतात. मुंबईत हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यात १५ अंशांचा फरक धरला तरी १.२ मीटरला ०.४ मिमी, तेही लांबीत. डाव्या-उजव्याला धक्का नाही. सोडून द्या.

प्लाय आणि एमडीएफ? पोलादी फ्रेमसाठी एमडीएफ अजिबात नको, हे वर माझ्या पापडाने सांगितलंच. ज्या शहरात वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच, तिथे एमडीएफची कड पाणी पिणारच. प्लाय घ्यायचाच असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, १८ मिमीचे दोन थर एकमेकांना चिकटवा आणि सगळ्या कडा पॉलिशने बंद करा. तरीही जोडाजवळ जिथे ज्योत येणार तिथे प्लाय कापून मोकळी जागा ठेवा.

आता मुंबईकरांच्या खास कामाची गोष्ट: ग्रॅनाइट. किचनचा ओटा बसवणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. ९०० बाय ६०० मिमी, २० मिमी जाडीचा तुकडा साधारण २९ किलोचा. जिगचा कणा म्हणून तो उपयोगी नाही, कारण त्यात बोल्टसाठी भोकं पाडणं कटकटीचं. पण जमिनीसारखा संदर्भ म्हणून, ज्यावर पाइप ठेवून तपासायचा, तो उत्तम. पॉलिश म्हणजे सपाट नव्हे, एवढं लक्षात असू द्या. चकाकणाऱ्या दगडालाही पोटात खोलगटपणा असतो. कडप्पा त्याहून खडबडीत, तो घेऊ नका. मला स्वतःला १२ मिमीची साधी फ्लोट काच जास्त आवडते. काचवाल्याला "टफन केलेली नको" हे दोनदा सांगा, कारण टफन करताना रोलरवरून जाताना काचेला हलक्या लाटा येतात. काच स्वतःच्या वजनानेही वाकते, म्हणून खाली सपाट टेबल आणि वर्तमानपत्राचे दोन-तीन थर.

एक सल्ला न विचारता देतो. कुणी म्हणालं, "शेठ, रुळाचा तुकडा देतो, एकदम सरळ", तर हात जोडा. रेल्वेच्या मालाचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर तो रूळ वरून झिजलेला असतो ते वेगळंच.

पाइप कसा निवडायचा

पाइप कुठून घ्यायचा? भरपूर माल लागणाऱ्यासाठी कळंबोलीचा पोलाद बाजार आहे, पण तुम्हाला दीड मीटर हवाय, तिथे कोण उभं करणार. मी दारूखान्याला जातो, रे रोड स्टेशनला उतरून. तिथे वजनावर माल मिळतो, तुकडे मिळतात, आणि सकाळी गेलं तर दुकानदार निवांत असतो. जहाज तोडणीतून आलेल्या जाड पट्ट्याही दिसतात. गंजाने खड्डे पडलेल्या असतात, कण्याला घेऊ नका, खांबाच्या तळपट्टीला चालतात. नवा पाइप सहा मीटरचा येतो. दुकानातच १.५ मीटरचे तुकडे करून घ्या. सहा मीटरचा पाइप लोकलमधून न्यायचा विचारही करू नका, दीड मीटरचा लगेजच्या डब्यात कोपऱ्यात उभा राहतो.

कापायच्या आधी मात्र पाइप तपासायचा. एक डोळा मिटून पाइपच्या कडेवरून दूरवर बघा, बंदूक रोखल्यासारखं. डोळ्याला अर्धा-एक मिमीचा वाक सहज दिसतो. दोन बाजू बघा. पाइपच्या आत एका बाजूला वेल्डचा सांधा असतो, बोट घालून चाचपा आणि ती बाजू खाली जाईल असं ठेवा.

घरी आल्यावर दोरा-नाण्याची चाचणी करा. एकाच सालची, एक रुपयाची तीन नाणी घ्या, कारण वेगवेगळ्या सालांच्या नाण्यांची जाडी वेगळी असते. पाइप जमिनीवर ठेवून तपासायची बाजू उभी, भिंतीसारखी ठेवा. दोन टोकांना एकेक नाणं टेपने चिकटवा, त्यावरून मासे पकडायचा नायलॉनचा दोरा ताणून बांधा. आता तिसरं नाणं दोरा आणि पाइपमध्ये सरकवत जा. जिथे नाणं दोऱ्याला ढकलतं तिथे पोट आहे, जिथे दोरा आणि नाण्यात फट दिसते तिथे खोलगट. बाजू उभी का? दोरा स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, आणि आपण आडव्या दिशेने मोजत असल्याने तो झोक मोजण्यात येत नाही.

पीळ बघायला दोन पट्ट्या लागतात. स्लायडिंग खिडकीचं सेक्शन विकणाऱ्याकडून ५०० मिमीचे दोन सारखे तुकडे आणा. पाइपच्या दोन टोकांना आडवे ठेवा आणि पुढच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून मागच्या पट्टीची कड बघा. पाइप ५० मिमी रुंद, पट्टी ५०० मिमी, म्हणजे पीळ दहापट मोठा होऊन दिसतो. माझ्या दुसऱ्या जिगच्या पाइपमध्ये पट्टीच्या टोकाला ८ मिमी फरक दिसला होता. पाइपवर तो ०.८ मिमी. मी तो परत नेला, दुकानदाराने काही न बोलता दुसरा काढून दिला आणि म्हणाला, "पहिल्यांदाच कुणी पाइप परत आणला, तोही वाकडा म्हणून."

खांब आणि तळपट्ट्या

खांबाला ४० बाय ४०, ३ मिमीचा बॉक्स पुरतो. तळाला ६ मिमीची पट्टी. बाजारात हिला "दोन सूत" म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीच्या वर थोडं. दुकानात "सहा मिमी" म्हटलं तरी समजतं, पण "दोन सूत" म्हटलं की दुकानदार तुम्हाला नवखा समजत नाही.

खांब तळपट्टीला वेल्ड करू नका असं मी सांगणार होतो, पण खरं सांगायचं तर तिथे वेल्ड चालतो. वेल्ड थंड होताना ओढतो आणि खांब कलतो, हे गृहीत धरा. आधी वेल्ड करा, पूर्ण थंड होऊ द्या, आणि मग खांबाची भोकं पाडा. तळपट्टी कण्याला मात्र बोल्टनेच जोडायची. कण्यावर वेल्ड केलात तर त्याचा सरळपणा गेला.

बोल्ट ८ किंवा १० मिमीचे, ८.८ ग्रेडचे. भोक बोल्टपेक्षा १ मिमी मोठं पाडा. मोठं भोक म्हणजे ढिलाई नाही, ती जुळवाजुळवीची जागा आहे. गुण्या लावून खांब काटकोनात आणा, गरज पडली तर तळाशी शिम (पातळ पत्र्याची पट्टी) द्या आणि मग आवळा. शिमसाठी कोल्ड्रिंकचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन कापून पट्ट्या करा, त्याची भिंत साधारण ०.१ मिमीची असते. विकतची शिम घ्यायला नागदेवी स्ट्रीटला जाता येतं, पण मी तिथे गेलो की शिमच्या बरोबर तीन ड्रिल बिट, एक कानस आणि गरज नसलेला मॅग्नेट घेऊन येतो.

एकदा सगळं जागेवर आलं की तळपट्टी आणि कण्यातून ६ मिमीची पिन आरपार ठोका. पुढे बोल्ट कितीही वेळा सैल केला तरी खांब पिनेवर परत तिथेच येतो.

कोन, चकती आणि अ‍ॅक्सल

या तीन भागांना लेथ लागतो. लेथ नसेल तर टर्नर शोधा. लोअर परळच्या किंवा साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतीत अजून असे गाळे आहेत जिथे एक लेथ, एक मिलिंग आणि चहाचा ग्लास एवढ्यावर धंदा चालतो. माझ्या टर्नर काकांनी चित्र बघून पहिला प्रश्न विचारला, "कोन साठचा की नव्वदचा?" मला उत्तर माहीत नव्हतं. आता सांगतो: साठ. ६० अंशांचा कोन २५ ते ४५ मिमी व्यास साधारण १७ मिमी लांबीत झाकतो, म्हणजे बहुतेक मापांच्या हेड ट्यूबला हाच कोन चालतो, आणि तो नळीच्या तोंडात हळूवार बसतो.

कोन कशाचे? टाके पितळेने मारणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचे. पितळ अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, आणि कोन नळीच्या टोकाची उष्णता शोषून घेतो. पण तोच शोषून घेण्याचा गुण कधी त्रासही देतो: टाका नळीच्या टोकाला फार जवळ असेल तर तिथे नळी तापतच नाही. म्हणून टाका आतल्या बाजूला घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे मिश्रधातू सहाशे अंशांच्या आसपास मऊ पडून वितळतात, तेव्हा ज्योत थेट कोनावर पडू देऊ नका. टिग असेल तर एमएस किंवा ईएन८ (त्याहून कणखर पोलाद) चे कोन चांगले, टिकाऊ.

गोल बार घेताना दुकानदार वजन सांगेल, त्याआधी तुम्ही काढून ठेवा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे किलो प्रति मीटर. ४० मिमीचा बार: १६०० भागिले १६२, मीटरला ९.९ किलो, म्हणजे १०० मिमीचा तुकडा एक किलोच्या आसपास. पन्नास मिमी हवा असताना शंभर घेतला तरी चालतं, टर्नरला पकडायला जागा लागते. हे तुकडे आणि अ‍ॅल्युमिनियमचा बार गुलालवाडी, कीका स्ट्रीटच्या बाजूला बघा, तिथे तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस हाच धंदा आहे.

ब्राइट (थंड ओढलेला, गुळगुळीत) बार घ्यायचा की काळा (गरम लाटलेला)? कोन आणि चकतीला ब्राइट घ्या. पट्टी ब्राइट घेऊन तिच्या एकाच बाजूवर मशीन मारणार असाल तर जरा थांबा. थंड ओढलेल्या पट्टीच्या अंगात ताण भरलेला असतो, एक बाजू सोलली की ती दुसरीकडे धनुष्यासारखी वाकते. दोन्ही बाजू सारख्या घासा किंवा काहीच करू नका.

बॉटम ब्रॅकेटची चकती हा जिगचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. शेलचं तोंड या चकतीवर सपाट टेकतं आणि तिचा गळा शेलच्या आत बसतो. टर्नरला हे शब्द वापरून सांगा: "गळा आणि बसायचा चेहरा एकाच पकडीत." बार चकमधून काढून पुन्हा लावला की काटकोन गेला. आणि तुमचं शेल फेस केलेलं, म्हणजे तोंडं घासून सपाट केलेलं नसेल, तर चकती कितीही चांगली असली तरी काही उपयोग नाही. शेल आधी टर्नरकडेच फेस करून घ्या.

मागच्या अ‍ॅक्सलसाठी थ्रेडेड रॉड घेऊ नका. तो सरळ नसतो आणि आट्यांवर ड्रॉपआउट नीट बसत नाही. १० मिमीचा ब्राइट बार घ्या आणि त्यावर दोन स्पेसर अशा मापाचे करून घ्या की बाहेरून बाहेर १३० किंवा १३५ भरेल. भंगारात जुन्या झेरॉक्स मशीनचे आणि प्रिंटरचे शाफ्ट मिळतात, कडक आणि ग्राइंड केलेले. मला कुर्ल्याच्या भंगारात असा एक ओझ्याखालून ओढून काढावा लागला होता. तपासायची पद्धत: काचेवर ठेवून बोटाने हलकेच लोटा, पलीकडे मोबाइलचा टॉर्च लावा. शाफ्ट फिरताना खालून येणारी उजेडाची रेघ एकसारखी राहिली तर तो सरळ. रेघ जाड-बारीक होत लुकलुकली तर तो वाकलेला आहे, परत टाका. कडक शाफ्टला घरच्या हॅक्सॉने कापायला जाऊ नका, ग्राइंडर लागतो.

व्ही-ठोकळे

हे सागवानी ठेवा. फ्रेमच्या नळ्यांची भिंत मधल्या भागात अर्ध्या-पाऊण मिमीच्या आसपास असते, लोखंडी व्ही-ब्लॉकमध्ये आवळली की चपटी. जुन्या पलंगाचा पाय, खिडकीची चौकट, काहीही चालतं. नायलॉनचे ठोकळे दिसायला छान, पण २२० अंशांच्या आसपास वितळतात, ते कापताना नळी धरायला ठेवा, टाक्यांच्या वेळी नको.

काय वापरायचं नाही

जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप, जोडाच्या जवळ कुठेही नको. ज्योत लागली की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. फॅब्रिकेशनवाल्यांना हा ताप चांगला ओळखीचा आहे. क्रोम केलेले जुने सायकलचे भाग, पावडर कोटेड सेक्शन, पीव्हीसी, अ‍ॅक्रिलिक, सगळं त्याच रांगेत. क्रोम घासून काढायचं असेल तर मास्क लावून, बाहेर.

शेवटी जिगची परीक्षा

सगळं बसवल्यावर नळ्या लावायच्या आधी एक काम करा. चकती आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्यरेषेला ताणलेला दोरा बांधा आणि हेडच्या कोनापर्यंत न्या. दोरा तिन्ही ठिकाणी मध्यावर आला पाहिजे. मग शेल चकतीवर आणि दोन ड्रॉपआउट खोट्या अ‍ॅक्सलवर बसवून मापं घ्या, नंतर अ‍ॅक्सल उलटा करून, म्हणजे डावं टोक उजवीकडे आणून पुन्हा घ्या. दोन मापांत फरक आला तर चूक अ‍ॅक्सलमध्ये आहे, फरक आला नाही, पण डावं-उजवं तरीही जुळत नसेल, तर चूक कण्यात किंवा खांबात शोधा. मी हे तीन वेळा करतो. तिसऱ्या वेळी सहसा चूक माझ्या व्हर्नियर वाचण्यात सापडते.

टाके मारताना एक टोक सैल ठेवा. हेडचा वरचा कोन बोटाने आवळला तेवढाच पुरे. नळी तापली की लांब होते, दोन्ही टोकं घट्ट धरली तर ती मधे फुगते आणि थंड झाल्यावर कोनातून निघताना टणकन उडते.

पावसाआधी, मेच्या शेवटी, कण्याला आणि कोनांना ग्रीसचा पातळ हात फिरवा, चकतीचा बसायचा चेहरा तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. टाके मारायच्या आदल्या दिवशी ते सगळं थिनरने पुसून काढा, नाहीतर पहिल्या टाक्यालाच ग्रीसचा धूर निघतो आणि पितळ नळीला धरत नाही.